बोटं पाठव

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील. आम्ही तिघंही बरे आहोत. पत्र लिहिण्यास कारण की... इथपर्यंत येऊन मी चांगली पंधरा मिनिटं पेनाचं टोपण चावत बसलो होतो. दोन वर्षांनी लिहायचं म्हणजे कारणही तसंच भारदस्त हवं, आणि माझं कारण आहे क्लच. हस खुशाल.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. आपल्या क्लच दुरुस्तीच्या दुकानात तुझं रिव्हेटचं मशीन चालू असलं की तुला काही ऐकू येत नाही, आणि मशीन बंद असताना केला तर तू "हॅलो" म्हणशील आणि माझी दातखीळ बसेल. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर खोडता येतं.

आधी घरचं. तुझी भाची नऊ वर्षांची झाली. पोहायला जाते. पाण्याखाली अठरा सेकंद राहते आणि मला काठावर उभं राहून मोजायला लावते. सतरा म्हटलं तर दिवसभर बोलत नाही. कुणावर गेलीय ते तुला सांगायला नको. तुझी भावजय शाळेच्या वाचनालयात आहे ती तिथेच. माझं चष्म्याचं दुकानही ठीक चाललंय. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांना "हे बरं दिसतं की ते" विचारत बसतो. काही महाभाग बाहेरच्या बाकावर बसून आतल्या माणसाचं ऐकतात, अक्षरांचा तक्ता पाठ करतात आणि आत आले की धडाधड म्हणून दाखवतात. मी गुपचूप तक्ता बदलतो. मग त्यांची जी भंबेरी उडते ती बघण्यासारखी असते. स्वतःचेच डोळे, आणि फसवायचं कुणाला, मला?

असो. तर गाडी.

बाबा गेल्यानंतर मी ती लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली, हे तुझ्या कानावर आलं असेल. जुनी आहे आणि इतकी बुटकी की आत बसावं लागत नाही, पडावं लागतं. गेल्या वर्षी तिला टर्बो लावला, इंजिनाची ताकद दीडपट झाली. क्लच मात्र मूळचाच होता. तो डिसेंबरात जळला. चढावर इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागच्या जागी. आणि तो वास, ताई. आपल्या दुकानाचा वास. टर्बो लावून देणाऱ्या ट्यूनिंगवाल्याने तात्पुरता एक वापरलेला क्लच घातला, पण दोन महिन्यांत तोही वास मारायला लागलाय. टर्बोला साधा क्लच पुरत नाही, आता तगडा घालायलाच हवा, असं तो म्हणतो.

तगडा म्हणजे कोणता, इथे घोडं अडलंय. साध्या लायनिंगचीच प्लेट ठेवून वर तिला दाबून धरणारी जाड स्प्रिंगची प्रेशर प्लेट घालता येते, मग पेडल जड होतं. सिरॅमिकचे तुकडे लावलेली प्लेट येते, ती धरते तेव्हा कचकन धरते, मध्ये काही नाहीच. आणि एक दोन प्लेटांचा क्लच आहे, तो ताकद सगळी पेलतो आणि पेडल एकदम मऊ, फक्त न्यूट्रलमध्ये खडखड करतो. ट्यूनिंगवाला म्हणतो शहरात चालवता तर हाच घ्या, पाय दुखणार नाही. मला मात्र जाड स्प्रिंगचा हवाय, मिळेल तितका जड, आणि त्यावर सिरॅमिक चालत असेल तर तेही. पेडलवर पाय ठेवला की पायाला कळलं पाहिजे. शेवटी स्पोर्ट्स कार आहे ती, शिलाई मशीन नाही.

ट्यूनिंगवाल्याने मला वेड्यात काढलं. म्हणून तुला विचारतोय. बाबांनंतर क्लचमधलं इतकं कळणारं माणूस मला दुसरं माहीत नाही. बाबांचा विषय आज नको.

फक्त जरा लवकर कळव. गाडी अजून चालवतोय, हळूहळू. पोरीला पोहायला तिच्यातूनच नेतो, तिला दुसरी गाडी चालत नाही. एका ओळीत लिहिलंस तरी पुरे.

तुझा भाऊ


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. पाकीट फोडलं आणि आतून दुकानाचं गुलाबी जॉबकार्ड निघालं तेव्हा क्षणभर वाटलं, तू मला गिऱ्हाईक क्रमांक दिलास. पाठीमागे चार ओळी. "जळलेली प्लेट पाठव. प्रेशर प्लेटही पाठव, बोटं बघायची आहेत. गाडी कमी चालव. 'तुझा भाऊ' अशी सही घरात कुणी करतं का?"

प्लेट या खोक्यात आहे. वर्तमानपत्रात गुंडाळली आहे, हात काळे होतील, पण हे मी तुला सांगणं म्हणजे कमालच. बाबांसारखी तूही आधी नाकाला लावून हुंगशील. प्रेशर प्लेट मात्र मिळत नाही. ट्यूनिंगवाल्याकडे कुठेतरी पडली, भंगारात गेली असेल. शोधतो. पण खरं तर तिची गरज काय? जळलीय ती प्लेट, ती तुझ्यासमोर आहेच. तू फक्त एवढं सांग की जाड स्प्रिंग घालू ना?

तुझ्या त्या ओळीने घरात गंमत झाली. पोरीने कार्ड वाचलं आणि विचारात पडली, आत्याला बोटं कशाला बघायची आहेत? मी समजावलं, की प्रेशर प्लेटची स्प्रिंग मधोमध कापलेली असते, त्या कापांमधल्या पात्यांना आपल्या दुकानात बोटं म्हणतात, क्लच दाबला की बेअरिंग त्या बोटांवर दाब देतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आत्याने बोटं असंच लिहिलंय ना." झालं. कागदावर पंजा ठेवून स्वतःच्या हाताची बाह्यरेषा काढली. ती तुला पाठवायची आहे. आत्ता मी लिहितोय तर टेबलाखाली बसून तिचं आणखी काहीतरी चाललंय. पेन्सिली, कागद, सगळा पसारा खाली नेलाय. शांत बसली आहे तोवर मी लिहून घेतो.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. माझी तब्येत उत्तम आहे. साखर आहे ती आहे, गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी गेल्या महिन्यात पाय तपासले आणि पाठ थोपटली. रोज चालायला जातो. तुझी भावजय म्हणते हल्ली मी पाय आपटत चालतो, पण ती काय, माझं घोरणंही तिला आजार वाटतं.

ट्यूनिंगवाला मार्चच्या पहिल्या आठवड्यातली वेळ देतोय. त्याआधी तुझं उत्तर आलं तर बरं. मला झोप नीट लागत नाही या क्लचपायी. एवढ्याशा गोष्टीचा इतका घोर कशाला, असं स्वतःलाच विचारतो.

पोरगी म्हणते, पाकिटात कागद ती स्वतःच घालणार, मी बघायचं नाही. घालू दे.

तुझा धाकटा भाऊ (आता ठीक?)


२८ फेब्रुवारी

छोट्या,

प्लेट मिळाली. हुंगली.

ताकदीला न पुरलेली प्लेट मी शंभर पावलांवरून ओळखते. ती जिथे घसरते तिथे डागांनी जळते, बाकीची बरी असते. तुझी तशी नाही. ती सगळीकडून सारखी गुळगुळीत झालीय, आरशासारखी. रोज, थोडी थोडी, तासन्‌तास घासून. टर्बोने असं होत नाही. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली की असं होतं. बाबांनी तुला शिकवताना या एका गोष्टीवरून तुझ्या गुडघ्यावर पट्टी मारली होती. त्यानंतर तू पाय ठेवत नाहीस. मला माहीत आहे. मी मागच्या सीटवर होते.

म्हणून बोटं मागितली. पाय सतत पेडलवर असेल तर बेअरिंग सतत बोटांना लागून फिरतं, आणि बोटांची टोकं झिजून चकचकीत होतात. तू ती हरवलीस. ट्यूनिंगवाला भंगार फेकत नाही छोट्या, कुठलाच फेकत नाही.

तीस वर्षं गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. सगळी म्हणतात, पेडल हलकं करून द्या. जड करून द्या म्हणणारा तू पहिला. मी दोन दिवस त्यावर विचार करत होते. मग पोरीचा कागद उलटा केला.

तू तो बघितला नाहीस, हे उघड आहे. पुढे तिचा हात आहे. मागे एक पाऊल आहे, मोठं, डावं. टेबलाखाली बसून काढलंय. प्रत्येक बोटाभोवतून, दोन बोटांच्या मधून पेन्सिल नीट फिरवली आहे. खाली लिहिलंय, "बाबाची बोटं. मी गुदगुल्या पण केल्या. बाबाला कळलंच नाही, तो तुला पत्र लिहीत होता."

तर बोटं मिळाली. पाचही.

आता बाबांचा विषय. तू नको म्हणालास, पण मी काढणार आहे. बाबांच्या बुटात पितळी रिव्हेट पडलं होतं आणि ते दिवसभर त्यावर उभं राहून काम करत होते. एक दिवस नाही, चार दिवस. मोजे घालून झोपायचे. मी विचारलं तर म्हणायचे, थंडी वाजते. आधी पाय गेला, मग बाबा गेले, आणि तू दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांसमोर मला म्हणालास, "एका घरात राहून तुला दिसलं कसं नाही?"   दोन वर्षं मी तेच विचारत बसलेय स्वतःला.

म्हणून या वेळी आधीच विचारते. डावा पाय कधीपासून?

क्लच कोणताही घालू नकोस. गाडी चालवू नकोस. पोरीला तर मुळीच बसवू नकोस. हे मी कारागीर म्हणून सांगते आहे. बहीण म्हणून जे सांगायचं ते कागदावर मावत नाही.

ताई


६ मार्च

ताई,

तुझं पत्र मंगळवारी आलं. दुकानात, तपासणीच्या खोलीत, दार लावून वाचलं. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. ट्यूनिंगवाल्याची वेळ रद्द केली.

आणि गुरुवारी गाडी काढली. तुझं पत्र खिशात असताना. हे आधी सांगतो, नाहीतर बाकीचं सांगताना मी हे गाळेन.

माझं स्वतःशी असं ठरलं होतं की हे शेवटचं. पोरीला पोहायच्या तलावावरून आणायचं, बस्स. तिच्या तलावाच्या आवारातून बाहेर पडताना चढ आहे आणि चढाच्या टोकाला फाटकाचा दांडा. मी पहिल्या गिअरमध्ये उभा होतो, क्लच पूर्ण दाबून. निदान माझी तशी खात्री होती. पुढे एक माणूस सायकलची उतरलेली चेन बसवत वाकला होता, माझ्याकडे पाठ करून. दांडा वर जायला लागला, तसा मी सवयीने उजव्या पायाने रेस दिली. इंजिन ओरडलं आणि गाडी निघाली. ताई, मी क्लच सोडला नव्हता. शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात पाय अजून पेडलवरच होता.

क्लच जळका होता म्हणून गाडी घसरत, रडत, हळूहळू सरकली. तेवढ्यात मला ब्रेक मारायला वेळ मिळाला. सायकलच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबली. तो माणूस वळला, मला काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मग पोरगी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुझ्या पायात चप्पल नाहीये."

खाली बघितलं. चप्पल निघून पेडलच्या मागे जाऊन बसली होती. पाय बाजूला, गालिच्यावर, अनवाणी. कधी निघाली, कधी सरकला, मला काही ठाऊक नाही. बाबांची चप्पल अशीच निघायची, आठवतंय? उंबऱ्याशी एक चप्पल आणि बाबा आत पोचलेले. आपण हसायचो त्यांना.

गाडी तिथेच कडेला लावली आणि आम्ही दोघं चालत घरी आलो.  मला कशाने घाम फुटला सांगू? त्या जागी मला हवा होता तो क्लच असता, कचकन धरणारा, तर ब्रेक मारायला वेळच मिळाला नसता. महिनाभर मी तुझ्यामागे लागलो होतो की हे लवकर बसवायला सांग.

तू विचारलंस कधीपासून. दीड वर्ष झालं. आधी अंगठा, मग बाकीची, आता घोट्यापर्यंत. आधी वाटायचं मोजा जाड आहे. मग मोजा काढल्यावरही तो पायात असल्यासारखा वाटायला लागला. जड पेडल हवं होतं ते यासाठीच. पावलाला कळत नाही, पण गुडघ्याला आणि मांडीला कळतं. पेडल जड असेल तर पाय त्यावर आहे की नाही हे मांडीला कळेल, आणि विसरून ठेवला तर स्प्रिंगच तो वर ढकलेल, असा माझा हिशोब. किती डोकं चालवलं बघ. तेवढं डोकं डॉक्टरकडे जायला लावलं असतं तर.

डॉक्टरकडे गेलो नाही असं नाही. गेलो. तिथे जे केलं ते तुझ्या भावजयीलाही काल, दिवाळीच्या सफाईसारखं सगळं बाहेर काढताना, शेवटी सांगितलं. डॉक्टर डोळे मिटायला लावतात आणि नायलॉनचा बारीक दोरा तळपायाला टेकवतात. लागला की "हो" म्हणायचं. त्यांच्या स्टुलाचं चाक कुरकुरतं, दर वेळी ते पुढे वाकले की. मी प्रत्येक कुरकुरीला "हो" म्हटलं. दहापैकी दहा. तक्ता पाठ करून येणाऱ्यांना हसणारा मी, डोळे मिटून, दहापैकी दहा. बाहेर पडताना मला चक्क आनंद झाला होता.

आता दवाखान्याच्या जिन्यातलं.

मी तेव्हा तुला विचारलं, तुला दिसलं कसं नाही. माझ्याकडे आता त्याचं उत्तर आहे, आणि ते मला ठाऊक नसतं तर फार बरं झालं असतं. ज्याला लपवायचं असतं तो दुसरं काही करतच नाही. मी घरात चप्पल घालतो, लादी गार लागते म्हणून. आंघोळीचं पाणी आधी हाताने बघतो, पोरीला चटका बसू नये म्हणून. पायरी उतरताना फोन काढतो, म्हणजे थांबलो तर कुणाला काही वाटत नाही. प्रत्येक गोष्टीला एक चांगलंसं कारण तयार असतं. माझी बायको माझ्या शेजारी झोपते, मुलगी माझ्या पायाशी खेळते, आणि मी त्या दोघींना पुरून उरलो. बाबा तर माझ्यापेक्षा हुशार होते. तुला दिसणं शक्यच नव्हतं ताई. बाबांनी तुला दिसू दिलं नाही. आणि मी, जो चार-चार महिने तिकडे फिरकत नव्हतो, तुला भर जिन्यात बोललो, कारण कुणालातरी बोलायचंच होतं आणि स्वतःला बोलायची हिंमत नव्हती. माझं चुकलं. फार चुकलं. दोन वर्षं तू ते वाक्य सांभाळत बसलीस, आता ते मला परत दे.

सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. तुझी भावजय बरोबर येणार आहे आणि स्टुलापाशी उभी राहणार आहे, कान देऊन. पायाला जखम नाही. काल दोघींनी मिळून बॅटरीच्या उजेडात बघितला, एकेक बोट वेगळं करून. पोरीने तळपायाला भिंगही लावलं. उजवा शाबूत आहे असं मला वाटतं, पण मला काय वाटतं त्यावर आता घरात कुणाचा विश्वास नाही, आणि तेच बरोबर आहे. पुढे काय होईल याची भीती वाटते. बाबांचं सगळं डोळ्यांपुढे येतं. रात्री उठून पाय हाताने चाचपून बघतो, आहे ना म्हणून.

खोक्यात प्रेशर प्लेट आहे. हरवली नव्हती. गाडीच्या डिकीत, जॅकखाली, मीच ठेवली होती. तू मागायच्या आधीपासून. बोटं बघ. अठराच्या अठरा टोकं घासून चकचकीत. मी बोट फिरवून बघितलं, हाताचं.

खोक्याच्या तळाशी कापसात गुंडाळून गाडीची किल्ली आहे. एकच आहे, दुसरी नाही. गाडी ट्यूनिंगवाल्याने ओढून नेली आहे आणि विचारतोय, कोणता क्लच घालू. मी त्याला सांगितलं, ज्याचा पाय त्याला विचार. तलाव तुझ्या दुकानापासून पाऊण तासावर आहे, शनिवारी दुकान अर्धा दिवस असतं, पोरीचं पोहणं शनिवारी दुपारीही असतं, आणि तिला दुसरी गाडी चालत नाही. तेव्हा पेडल हलकं हवं की जड, ते आता तुझ्या पायाला विचारून तू कळव.

तुझा
छोट्या